चौकोनी टोपी आणि उघडे मस्तक

कोल्हापुरातील एखाद्या ख्रिस्ती घरी पाहुणा म्हणून गेल्यावर समोरच्या भिंतीकडे आपले लक्ष आपोआप जाते. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली छोटा दिवा, बाजूला घरातील दिवंगतांची छायाचित्रे, आणि त्यांच्या शेजारी अलीकडे पुष्कळ घरांत आणखी एक छायाचित्र टांगलेले असते. अंगात काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात लाल फितीने बांधलेली कागदाची गुंडाळी. ती गुंडाळी बहुधा कोरी असते, झगा भाड्याचा असतो आणि टोपी डोक्याला नीट बसलेली नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही ते छायाचित्र त्या भिंतीवर शोभते. ते का शोभते, त्या टोपीचा मूळ अर्थ कोणता, आणि तो आपण जपला आहे की गमावला आहे, याचा विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

विचार करावयास निमित्तही आहे. एप्रिल २०१० मध्ये भोपाळ येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्त समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश यांनी अंगावरचा झगा भर व्यासपीठावर उतरवून ठेवला. हा पोशाख म्हणजे वसाहतवादाचा रानटी अवशेष असून मध्ययुगीन धर्मगुरू आणि पोप यांच्यासारखे नटून पदव्या वाटण्याचे कारण नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे असावेत असे विद्यापीठांना सुचविले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना काळा झगा व टोपी सोडून भारतीय पोशाख ठरविण्यास सांगितले. ही टोपी आपल्या देशातून हळूहळू निघून जाण्याच्या वाटेवर आहे. जी वस्तू निघून जाणार, तिचा हिशेब निरोपापूर्वी नीट मांडावा, एवढी तरी रीत पाळली पाहिजे.

मंत्रिमहोदयांचे शब्द ख्रिस्ती कानांना थोडे खुपले असतील. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते फारसे चुकीचे नव्हते. युरोपातील आद्य विद्यापीठे ख्रिस्तसभेच्या अंगणात वाढली. पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथील विद्यार्थी धर्मसेवकांतच गणले जात आणि त्यांचा लांब झगा हा धर्मसेवकांचाच वेश होता. १२१९ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी बोलोन्या येथे शिकविण्याचा परवाना देण्याचा अधिकार तेथील आर्चडीकनकडे सोपविला. परीक्षेत उतरलेल्या विद्वानाला समारंभपूर्वक आसनावर बसवीत, त्याच्या हाती ग्रंथ देत, बोटात अंगठी घालीत आणि मस्तकावर टोपी ठेवीत. धर्मगुरूंच्या ‘बिरेटा’ या चौकोनी टोपीचे आणि या विद्वानांच्या टोपीचे कूळ एकच. इंग्लंडात तिचा माथा पुढे सपाट आणि कडक झाला, आणि इंग्रजांनीच थट्टेने तिला गवंड्याच्या चुना घेण्याच्या फळीचे नाव दिले. आजही इंग्रजीत तिचे तेच नाव चालते.

या इतिहासातील एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ती टोपी शिक्षण संपल्याची खूण नव्हती. ज्याच्या मस्तकावर ती ठेवली त्याला आता शिकविण्याचा अधिकार मिळाला, असा तिचा अर्थ होता. अधिकाराबरोबर ओझे आलेच. मिळविलेली विद्या स्वतःजवळ ठेवण्याची मुभा त्या विद्वानाला उरत नसे. आज आपण ‘पदवी मिळाली’ असे म्हणतो तेव्हा मनात नोकरी असते, वेतन असते, कधी लग्नाच्या बाजारातील भाव असतो. शिकविण्याचा विचार क्वचितच येतो. टोपीचा आकार टिकला आणि तिच्यातले ओझे गळून पडले, ही आमची पहिली तक्रार आहे.

दुसरी गोष्ट आपल्या उपासनेतील आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीची लॅटिन मिस्सा ज्यांनी पाहिली आहे अशी वडीलधारी मंडळी आता थोडी उरली आहेत. त्यांना आठवत असेल की, धर्मगुरू डोक्यावर काळा बिरेटा घालून वेदीकडे येत आणि वेदीसमोर पोहोचताच तो काढून सेवकाच्या हाती देत. आसनावर बसले म्हणजे पुन्हा घालीत. बसल्या जागी येशूचे नाव उच्चारले गेले की क्षणभर उतरवीत. विद्वत्तेचे आणि अधिकाराचे ते चिन्ह होते खरे, पण ते कोणासमोर उतरवायचे याचे नियम ते कधी घालायचे यापेक्षा काटेकोर होते. कार्डिनलांच्या लाल बिरेट्याचाही अर्थ असाच आहे: वेळ पडल्यास श्रद्धेसाठी रक्त सांडण्याची तयारी. १९५३ मध्ये मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हा आपल्या लोकांना जो अभिमान वाटला त्यात या अर्थाचा वाटा किती होता आणि लाल रंगाच्या थाटाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडील जुन्या रीतीत हा विचार नव्हता असे मुळीच नाही. ‘स्नातक’ हा शब्दच स्नानावरून आला. गुरुगृही अध्ययन पुरे झाल्यावर समावर्तनाच्या विधीत शिष्य स्नान करी, नवी वस्त्रे नेसे आणि इतर वस्तूंबरोबर मस्तकी उष्णीष, म्हणजे पागोटे, धारण करी. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील गुरूचा निरोपाचा उपदेश आपल्याकडील दीक्षान्त समारंभांत आजही वाचला जातो, आणि त्यातही स्वाध्याय व अध्यापन सोडू नकोस असेच बजावले आहे. पूर्व आणि पश्चिम या दोन्ही ठिकाणी शिकलेल्या मस्तकावर काहीतरी ठेवावेसे माणसाला वाटले, आणि दोन्ही ठिकाणी त्याबरोबर एक कर्तव्य सांगावेसे वाटले. फरक एवढाच की, आपल्याकडील त्या पागोट्याचा अधिकार काही थोड्या कुळांत जन्मलेल्यांपुरताच होता. इतरांनी ते लांबून पाहायचे.

म्हणूनच झगा-टोपी परकी आहे, ती टाका, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ती परकी आहे हे आम्ही मान्य करतो. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर स्थापन झाली, आणि पदवीदानाचा थाट त्या नमुन्याबरोबरच आला. त्यात राज्यकर्त्यांचा तोरा होता आणि प्रजेने आपल्याला पाहून दिपून जावे ही इच्छाही होती. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. त्यांची जी चित्रे आपण पाठ्यपुस्तकांत पाहिली त्यांत त्यांच्या डोक्यावर पगडी असते. परक्या विद्येने त्यांचे डोके भरले, तरी डोईवरचे पांघरूण बदलले नाही, असे कोणी कौतुकाने म्हणेल. पण त्या काळच्या महाराष्ट्रात पगडी ही केवळ डोक्याचे पांघरूण नव्हती. माणूस दुरून दिसला तरी त्याच्या पगडीवरून, पागोट्यावरून, मुंडाशावरून त्याची जात आणि त्याचा धंदा ओळखता येई. अनोळखी माणसाशी कोणत्या सर्वनामाने बोलायचे हेही त्यावरून ठरे.

हे जुने झाले असे म्हणावे तर पुण्याचा अलीकडचा अनुभव समोर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात परकी टोपी जाऊन पुणेरी पगडी आली, आणि जानेवारी २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी महात्मा फुले यांच्या पगडीचा आग्रह धरून तिला विरोध केला. त्याच्या आदल्या वर्षी जून २०१८ मध्ये श्री. शरद पवार यांनी आपल्या पक्षाच्या पुण्यातील मेळाव्यात यापुढे फुले पगडीच घालावी असे सांगितले होते, त्यावरूनही बराच वाद झाला. सावित्रीबाईंचे नाव मिरविणाऱ्या विद्यापीठात कोणती पगडी घालावी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला यात आम्हांस उद्धटपणा दिसत नाही. तो प्रश्न पडणारच होता. टोपी देशी करायचे ठरविले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: देशातल्या कोणाची? आणि मुलींच्या मस्तकावर काय ठेवायचे, हा त्याच्याही पुढचा. पगड्या घालणाऱ्यांनी त्यांचा विचार कधी केलाच नव्हता.

या दृष्टीने पाहता चौकोनी टोपीचा एक गुण आपल्या ध्यानात येतो. ती कोणाच्याच आजोबांची नव्हती. ब्राह्मणाच्या मुलाला ती जेवढी परकी, तेवढीच मराठ्याच्या, महाराच्या, कोळ्याच्या आणि बाटलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मुलाला परकी. काळ्या कापडाखाली सारे सारखेच अवघडलेले. राज्यकर्त्यांनी ती तोऱ्यासाठी आणली असेल. पण ज्यांच्या बापजाद्यांना मानाचे पागोटे कधी मिळालेच नाही, त्यांच्या घरांत मानाची पहिली वस्तू म्हणून ही टोपी आली. कोल्हापुरातील त्या भिंतींवर ती का शोभते याचे उत्तर आम्हांस येथे मिळते.

कोल्हापूरचे नाव या संदर्भात घ्यावेच लागते. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले, तेव्हा केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल्एल्. डी. ही सन्माननीय पदवी दिली. इतर संस्थानिकांनाही असे मान मिळाले असतील. त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याची आज्ञा निघाली. पुढे १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि त्यांत भारतीय ख्रिस्ती मुलांचेही एक वसतिगृह होते. आमच्या मते विद्वानाच्या टोपीचा मध्ययुगीन अर्थ, म्हणजे मिळालेले पुढे द्यावयाचे हा अर्थ, त्या वर्षी परदेशी समारंभातून परतलेल्या या राजाला कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक कळला होता.

या नगरीशी जोडलेली आणखी एक आठवण मात्र सुखाची नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांना पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभास हजर होत्या. एक हिंदू राहण्याचा निश्चय जाहीर करून गेलेली, दुसरी तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेली. परंतु त्या दिवशी त्या दोघींत तो भेद आड आला नाही. आनंदीबाईंची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर. पुढे तेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले. पण क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विद्यार्थिदशेतील, १८८५ सालचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन मैत्रिणी आहेत: साडीतील आनंदीबाई, जपानी वेशातील केई ओकामी आणि सीरियातील आपल्या पारंपरिक पेहरावातील साबात इस्लामबुली. चौकोनी टोपी एकीच्याही डोक्यावर नाही, आणि त्या विद्वान आहेत याविषयी ते चित्र पाहणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही.

टोपी हातची राखली जाते तेव्हा तिचे मोल अधिक स्पष्ट होते. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ख्रिस्ती घराण्यातील कन्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या; पदवी हाती आली १९२२ मध्ये. तेथे स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच १९२० पर्यंत नव्हता. परीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा, मात्र टोपी मागू नका, अशी ती व्यवस्था. एवढे ज्ञान असलेल्या त्या बाईंना तीस वर्षे एका कापडाच्या तुकड्यावाचून काय अडले होते, असे विचारणारा माणूस ज्याला ती टोपी आपोआप मिळाली त्याच वर्गातला असला पाहिजे.

आता आजचे पाहू. टोपी हवेत भिरकावण्याची पद्धत आपली नाही आणि मध्ययुगातलीही नाही. १९१२ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतील छात्रांना उत्तीर्ण होताच अधिकारपद मिळू लागले. विद्यार्थिदशेतील टोपीचा उपयोग उरला नाही म्हणून त्यांनी ती उधळली. तेथे तिला अर्थ होता. गोंडा उजवीकडून डावीकडे सरकविण्याची रीतही अमेरिकेचीच. चित्रपटांतून आणि परदेशी गेलेल्या नातलगांच्या छायाचित्रांतून या रीती आपल्याकडे आल्या, अर्थ मात्र वाटेतच राहिला. भाड्याची टोपी छायाचित्रकार सांगेल तितक्या वेळा उधळायची आणि मग धूळ झटकून परत करायची, यात आनंद आहे, त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. पण बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना झगा-टोपी चढवून ‘पदवीदान’ करण्याची जी टूम निघाली आहे, तिचे कौतुक आमच्याने होत नाही. उन्हात घामेजलेली ती बाळे रडत असतात, आणि पालक भाड्याचे पैसे भरून छायाचित्रांसाठी रांगेत उभे असतात. जे अजून काही शिकले नाहीत त्यांना शिकून झाल्याची खूण दिली, तर पुढे खरोखर शिकतील तेव्हा त्यांना देण्यासाठी आपल्याजवळ काय उरणार?

या उलट एक नवी रीत आमच्या मनाला फार भावली. ती कोणी सुरू केली हे सांगता येणार नाही. समारंभ आटोपला की पुष्कळ मुले-मुली बाहेर येऊन टोपी काढतात आणि आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या डोक्यावर ठेवतात. आई संकोचते, पदर सावरते, टोपी कलते, सगळे हसतात. वडील गवंडी असतील तर चुन्याच्या फळीचे नाव मिरविणारी ती टोपी फिरून योग्य मस्तकावर आली असेच म्हणावे लागेल. कोणाही धर्मपंडिताने न शिकविता या मुलांनी जुन्या बिरेट्याचा नियम पुन्हा शोधून काढला आहे: हे चिन्ह कोणासमोर तरी उतरविल्यावाचून पुरे होत नाही.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. तोपर्यंत आपल्या भागातील मुले मुंबईच्या, नंतर पुण्याच्या विद्यापीठाची पदवी घेत. अलीकडे या विद्यापीठाने दीक्षान्त समारंभाला ग्रंथदिंडीची जोड दिली आहे. पालखीत ग्रंथ ठेवून, टाळ-मृदंगाच्या गजरात ती मिरविली जाते. बोलोन्यातील विद्वानाला टोपीबरोबर ग्रंथही देत, हे वर आलेच आहे. टोपीवरून इतरत्र वाद चालले असताना कोल्हापुरास त्या ग्रंथाची आठवण झाली, आणि तीही वारकऱ्यांच्या पद्धतीने, याचे आम्हांस समाधान आहे. मिस्सेत शुभवर्तमानाचा ग्रंथ उंच धरून वेदीकडे नेताना आपण पाहतो. त्यामुळे ग्रंथाला खांद्यावर घेणे आपल्याला परके वाटू नये.

मग टोपी ठेवावी की टाकावी? ज्यांच्या घरात ती पहिल्यांदाच आली आहे त्यांच्या भिंतीवरून ती काढून घेण्याचा अधिकार ज्यांच्या घरी चार पिढ्या पदवीधर आहेत त्यांना आहे, असे आम्ही मानीत नाही. उद्या तिच्या जागी दुसरा काही पोशाख आला, तर तोही सर्वांच्या खांद्यावर सारखा बसणारा असावा, एवढेच आमचे मागणे. हातमागाचे कापड असले तर उत्तमच. विणकराच्या घरी चार पैसे जातील. पण कापडाबरोबर जात येऊ नये.

आपल्या धर्मग्रामापुरते मात्र आपल्या हाती थोडे आहे. परीक्षांचे निकाल लागले की आपल्याकडे रविवारच्या मिस्सेनंतर गुणवंतांचा सत्कार होतो. त्या वेळी त्याच बाकांवर नापास झालेला मुलगा आणि त्याची आई बसलेली असतात, फीसाठी पैसे नसल्याने शिक्षण सोडून कामाला लागलेली मुलगी बसलेली असते. टाळ्या त्यांनाही वाजवाव्या लागतात. आमचे असे सुचविणे आहे की, नव्या पदवीधरांनी त्या दिवशी झगा-टोपीवाचून, उघड्या मस्तकाने वेदीपुढे यावे, आणि शाल-श्रीफळ घेण्यापूर्वी सर्वांसमक्ष एक गोष्ट कबूल करावी: वर्षभर आठवड्यातून एक तास धर्मग्रामातील एखाद्या मुलाला आपण शिकवू. गणित शिकवावे, इंग्रजी शिकवावे, जे येत असेल ते शिकवावे. प्रारंभ त्या बाकावरच्या नापास मुलापासून करावा. आठशे वर्षांपूर्वी त्या टोपीचा अर्थ हाच होता, आणि तो पाळण्यासाठी टोपी भाड्याने आणण्याचीही गरज पडत नाही.